आमच्या मळ्यातला वास

आमच्या घरात सकाळ व्हायची ती डुकरांच्या आरडाओरड्यानं. तांबडं फुटायच्या आत शकुआत्या मोठ्या कढईखाली लाकडं सारायची. बुऱ्हाणपूरच्या मंडीत व्यापाऱ्यांनी बाजूला काढलेली केळी, भाताचा कोंडा आणि स्टँडजवळच्या हॉटेलांतलं उरलंसुरलं असं सगळं कढईत एकत्र रटरटायला लागलं, की गोठ्यापलीकडच्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये एकच कल्ला उठायचा. गाय भुकेली असली तर हंबरते, बकरी बें बें करते. डुक्कर मागत नाही, सरळ भांडतं. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे. शिजलेल्या केळ्यांचा वास गोड असतो, शिऱ्यासारखा. त्या वासानं भूक लागायची, तोंडाला पाणी सुटायचं, आणि तेवढ्यात वारा फिरला की शेडकडून दुसरा वास यायचा. हे प्रकरण त्या दुसऱ्या वासाबद्दल आहे, तेव्हा जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या.

शकुआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिचं लग्न नेपानगरला झालं होतं, कागदाच्या कारखान्यात कामाला असलेल्या माणसाशी. एका दुपारी ती एकटीच बसमधून उतरली, गड्याच्या डोक्यावर ट्रंक देऊन मळ्यात आली, ‘मी आली’ एवढंच म्हणाली आणि संध्याकाळी आईच्या शेजारी भाकरी थापायला बसली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. अण्णा मुळातच कमी बोलणारे. दिवसभर केळीत असायचे आणि केळीशीच काय ते बोलायचे. आत्या मात्र बोलत सुटली की थांबायची नाही, आणि तिचं हसणं नाल्यापलीकडे ऐकू जायचं. आई म्हणायची, एका घरात देवानं सगळे शब्द एकीलाच वाटले आणि दुसऱ्याच्या वाट्याला काही ठेवलंच नाही. वर्षभरानं आत्या कोंबड्या पाळायच्या सरकारी शिबिराला गेली आणि येताना डुकरं डोक्यात घेऊन आली. आमचं खानदान केळी-कपाशीचं. आमच्याकडे जेवताना डुकराचं नावसुद्धा घेत नसत, आणि हिनं नाल्याकाठच्या पडीक तुकड्यावर पांढऱ्या विलायती डुकरांचं शेड उभं केलं. भावबंद म्हणाले, शकू खुळावली. अण्णांनी फक्त विचारलं, ‘निभावशील?’ ती म्हणाली, ‘हो.’ झालं, चर्चा संपली.

आणि तिनं निभावलं, हे आधीच सांगून टाकते, कारण मला तिचं कौतुक लपवता येत नाही. त्या डुकरांना ती नावांनी हाक मारायची. कोणती व्यायला आली, कोणतं पिल्लू दुधाला मागे पडतंय, हे तिला आवाजावरून कळायचं. आमच्या मळ्यातली डुकरं ट्रकमध्ये चढून पार आसामकडे जायला लागली तेव्हा ट्रकवाले येऊन आत्याला ‘दीदी’ म्हणायचे आणि ती त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घालायची. ठेच्यानं त्यांचे डोळे भरून आले की ती टाळी देऊन हसायची. पण घाणीचं काय करायचं, हे मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. शिबिरात डुकराला काय घालायचं ते सांगितलं होतं, डुक्कर काय घालतं त्याचं काय करायचं ते नाही.

मी तेव्हा कॉलेजात जात होते. रोज सकाळच्या बसनं बुऱ्हाणपूर, तिथून पायी कॉलेज. माझे दोन चांगले ड्रेस मी ट्रंकेत कापराच्या वड्या टाकून ठेवायचे. तरी एकदा बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई उठून उभी राहिली आणि बुऱ्हाणपूरच्या लालबागपर्यंत उभ्यानं गेली. मी घरी येऊन रडले. आत्यानं माझी ओढणी हातात घेतली, नाकाशी धरली आणि म्हणाली, ‘खरंच येऊ राहिला व. ती बाई खोटी नाई.’ मला वाटलं होतं ती माझी समजूत काढेल, त्या बाईला शिव्या देईल. तिनं तसं केलं नाही. जे खरं होतं ते कबूल केलं आणि विचारात पडली. आत्याची ही सवय मला तेव्हा फार निष्ठुर वाटायची. आज या वयात वाटतं, अशी माणसं घरात एखादीच असतात आणि ती असली की घर टिकतं.

वासाचं कारण पाणी होतं, हे फार उशिरा कळलं. आत्या स्वच्छतेची वेडी. दिवसातून दोनदा मोटर सुरू करून ती जाड पाइपानं शेड धुऊन काढायची. फरशी आरशासारखी लख्ख व्हायची आणि सगळी घाण पातळ होऊन काळ्या ओघळानं नाल्यात उतरायची. नाला पुढे तापीला मिळतो. मध्ये गावातल्या बायकांचे कपडे धुण्याचे दगड. उन्हाळ्यात नाल्याला धार राहिली नाही तेव्हा तो ओघळ जागेवरच साचला, त्यावर साय धरली आणि माशा अशा झाल्या, की आई ताटावर ताट झाकून वाढायची. आमटीचा घास घेताना एका हातानं वारा घालायचा, हा आमच्या घरचा नियमच झाला.

मग आम्ही ती चूक केली, जी फक्त केळीवाले करतील. आमच्या भागात लहान मुलालाही माहीत असतं, की केळ खादाड. तिला किती खत घाला, किती पाणी द्या, ती नाही म्हणत नाही. तेव्हा अण्णा, आत्या आणि मी, तिघांनी मिळून ठरवलं, की हे सगळं नाल्यात कशाला, केळीलाच देऊ. नाल्यात उतरणाऱ्या ओघळाचं तोंड मातीनं बुजवलं आणि शेडचं पाणी सरळ शेजारच्या तुकड्यात सोडलं. अण्णा तर खूश होते. पहिले काही दिवस केळी अशी काळीभोर हिरवी झाली, की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मग पानांच्या कडा करपल्या, मग पानं पिवळी पडून खोडाला लोंबली, आणि निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला, आलेली झाडं एकेक करून वाकली. अण्णांनी एक झाड उपटून बघितलं. मुळ्या तपकिरी, बुळबुळीत झाल्या होत्या. कच्ची घाण आणि वर सततचं पाणी, मुळांना श्वासच नव्हता. अण्णांनी ते झाड बांधावर नेऊन आडवं ठेवलं. आत्याला ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला गप्प जेवताना पाहिलं.

गावात तोवर बोभाटा झालाच होता. ज्येष्ठ लागायच्या आत तात्या आले. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या भावबंदकीतले कर्ते. त्यांचं घर नाल्याच्या पलीकडच्या काठावर, म्हणजे वास आमच्याआधी त्यांना. ते ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही, आणि म्हणाले, ‘हे पाह्य भाऊ, श्रावण दूर नाई. कानबाई तुह्या घरी बसते. अशा वासात ती बसन का? त्या मायले मी काय सांगू?’

कानबाई आमच्याकडे फार मोठी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडतात, नथ घालून, लुगडं नेसवून सजवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वाजत गाजत नदीला नेतात. तिच्यासाठी सगळ्या भावबंदांचा मिळून एक रोट असतो, म्हणजे एकत्र मापलेल्या गव्हाचा नैवेद्य: पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तो फक्त कुळातल्यांनी खायचा. चक्कीवाला आदल्या दिवशी चक्की धुऊन पुसून ठेवतो, कारण रोटाच्या पिठाला दुसरं पीठ लागलेलं चालत नाही. ती देवी आजोबांपासून आमच्या घरी बसायची. तात्यांचं म्हणणं सरळ होतं: श्रावणापर्यंत वास गेला तर ठीक, नाही तर कानबाई त्यांच्या घरी बसेल आणि आमचा रोट वेगळा. बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. आमच्यात रोट वेगळा होणं म्हणजे घर वेगळं होणं. उद्या माझ्या लग्नात मांडवाला हात लावायला कोणी आलं नसतं.

तात्या गेल्यावर अण्णा आत्याकडे बघून म्हणाले, ‘शकू, रोट वेगळा होऊ देणार नाई मी. तसं झालं तर जनावरं जातील.’ त्यांच्या तोंडून निघालेलं हे त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं वाक्य होतं, आणि ते फिरणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आत्यानं मान डोलावली. मी तिच्याकडे बघत होते, आणि मला एकदम जाणवलं, की ज्या रोटासाठी तिचं शेड जाणार होतं त्या रोटात ती नव्हतीच. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरचा रोट चालत नाही, आणि सासरशी तिचा संबंध उरला नव्हता. कानबाईच्या दिवशी ती सगळ्यांच्या पोळ्या लाटायची, चुलीचा धूर खायची, आणि स्वतःसाठी बाजूला खिचडी टाकायची. दरवर्षी. आम्ही पुरणपोळीवर तूप ओढत असू आणि ती ताट घेऊन मागच्या दारी बसलेली असे. त्याआधी मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण ते दरवर्षीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती खंडव्याकडे गेली, कोणा ओळखीच्याच्या गोठ्यावर गोबरगॅस बघायला. तिसऱ्या दिवशी परतली ती बसमधून उतरल्या उतरल्या बोलायलाच लागली. ‘बेबी, आपण पाण्यानं मेलो व! घाण वाईट नाई, पाणी वाईट. आधी कोरडं ओढायचं, मग थोड्या पाण्यानं पुसायचं. मोटर बिल्कुल बंद!’ मला घरात सगळे बेबी म्हणत. अजूनही म्हणतात, माझ्या नातवंडांसमोर. त्या दिवसापासून शेडमधला पाइप गेला आणि लाकडी ओढणी आली. लांब दांड्याला आडवी फळी, तिला खाली जुन्या टायरची पट्टी ठोकलेली. सकाळ संध्याकाळ आम्ही दोघी पदर खोचून घाण ओढत एका कडेला आणायचो. पहिल्या आठवड्यात माझ्या तळहातांना फोड आले. आत्या त्यावर हळद-तेल लावायची आणि लावता लावता म्हणायची, ‘कॉलेजात असं शिकवत नसतील ना?’ नव्हते शिकवत.

शेडच्या मागे मिस्त्रीनं जमिनीत घुमटासारखी विटांची टाकी बांधली. पहिल्यांदा ती गाईच्या शेणानं भरली, कारण आत्याच्या मते विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही; मग हळूहळू डुकरांचं. आम्ही सगळे त्या टाकीभोवती असे घुटमळायचो, की जणू आत कोणी बाळंतीण आहे. पहिला गॅस पेटला नाही, फुस्स करून गेला. मिस्त्री म्हणाला, तो जाऊ द्या, पहिला तसाच असतो. मग एका सकाळी कढईखालच्या शेगडीला आत्यानं काडी लावली आणि निळी ज्योत गोल फिरून उभी राहिली. आवाज नाही, धूर नाही. डुकरांचं जेवण डुकरांच्याच घाणीवर शिजायला लागलं. आत्या हसली नाही, ओरडली नाही. ती मांडी घालून त्या ज्योतीसमोर बसली आणि कढई करपेपर्यंत बसून राहिली. आईनं मात्र ती शेगडी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. ओसरीवर ठेवा, फार तर चहा करीन, म्हणाली.

टाकीतून पलीकडे जे निघायचं त्याला वास जवळपास नसायचा, पण ते ओलं असायचं. ओल्याला कोरडं पाहिजे, हे आत्याचं सूत्र. केळीच्या मळ्यात कोरड्याला काय तोटा? घड उतरल्यावर वाळलेली पानं बांधाबांधावर पडलेली असत, लोक ती पेटवून देत. आम्ही ती भारे भारे आणली. त्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे तुकडे, कापसाच्या जिनिंगमधला केसाळ कचरा, त्यावर टाकीतलं ओलं, पुन्हा पानं. असा ढीग कमरेइतका झाला की झाकायचा आणि काही दिवसांनी उपसून उलटा रचायचा. ढीग आतून तापतो हे मला खरं वाटेना. आत्यानं लोखंडी पहार ढिगात खुपसली, आम्ही चहा पिऊन आलो, तिनं पहार ओढून काढली आणि म्हणाली, ‘धर.’ मी धरली आणि किंचाळून टाकली. पुढे ती येणाऱ्या जाणाऱ्याला पहार धरायला लावायची. पोस्टमनलासुद्धा तिनं सोडलं नाही. ढीग थंड झाला की आतलं खत हातात भुसभुशीत लागायचं. अण्णांनी ते थोडंसं, अगदी चिमटीनं टाकावं तसं, मेलेल्या तुकड्याच्या कडेच्या झाडांना घातलं आणि कोणाला न सांगता रोज बघायला जाऊ लागले.

पाऊस लागला तेव्हा शेडभोवती चर खणून वरचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवलं होतं. नाला पुन्हा वाहायला लागला होता, आणि आम्ही निर्धास्त झालो होतो. इथंच पुन्हा तीच खोड नडली. श्रावण जवळ येतोय, शेडमध्ये काही म्हणून उरायला नको, म्हणून आत्या टाकीत रोज जास्त जास्त लोटत गेली. केळीवाल्याच्या घरात वाढलेली. जितकं घालू तितकं खाईल, हे रक्तात मुरलेलं. ऐन श्रावणाच्या तोंडावर टाकी आंबली. ज्योत पिवळी झाली, मग विझली, आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा निघाला, की तात्यांच्या घरातून दारं आपटल्याचे आवाज आले. आत्या डोक्याला हात लावून बसली. मी तिला म्हटलं, ‘आत्या, पोट बिघडलंय तिचं. आपण आजारी पडलो की आई काय करते?’ तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उठली. टाकीला उपास. नवं काही टाकायचं नाही, फक्त चुन्याची निवळी आणि गाईच्या शेणाचं थोडं पातळ. तोवर सगळं ओलं थेट ढिगात, दुप्पट पानं घालून. आई म्हणाली, आमच्या घरात श्रावण पाळणारी ही टाकी एकटीच निघाली. तो उपास कधी सुटतो याची आम्ही जितक्या आतुरतेनं वाट बघितली, तितकी माझ्या परीक्षेच्या निकालाचीही बघितली नसेल. आत्या झोपायची ती शेगडीजवळ, आणि उठल्या उठल्या काडी लावून बघायची. एका पहाटे मला तिची हाक ऐकू आली. ज्योत आली होती, बारीक आणि निळी.

आता लोक मला मोबाइलवर गोबरगॅसचे व्हिडिओ पाठवतात. त्यात स्वच्छ बूट घातलेले साहेब असतात, मागे संगीत असतं, आणि सगळं पहिल्याच झटक्यात जमतं. बघून मला हसू येतं. आमचं पहिल्या झटक्यात काहीच जमलं नव्हतं. आत्याचं मोठेपण मला त्यातच वाटतं. चूक झाली की ती चुकीपाशी जाऊन वाकायची, तिचा वास घ्यायची, आणि मग उठून दुसरं काही करून बघायची. मी पुढे बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण मुलांना विज्ञान म्हणजे काय हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा कधीच आली नाही.

रोटाचे गहू मापायचे ते शनिवारी सकाळी. तात्या आले, मागे चार भावबंद आले, आणि तात्यांच्या आई, जिजी, काठी टेकत आल्या. जिजी आमच्या कुळातल्या सगळ्यात वयस्कर. त्या बोलतील ते शेवटचं. कोणी ओसरीवर बसलं नाही. सगळे सरळ शेडकडे चालायला लागले आणि आम्ही मागून. तात्या नाल्याच्या कडेला उतरले, पाण्यात काठी घालून ढवळलं. गढूळ होतं, पण ते मातीनं. काठाला बायका कपडे धूत होत्या. शेडमध्ये डुकरं कोरड्या फरशीवर पसरली होती. वास होता, नाही कशाला म्हणू? जनावरांचा असतो तेवढा होता, गोठ्यात असतो तेवढा. आत्यानं ढिगातली पहार काढून पुढे केली. तात्यांनी ती धरली, हात भाजला, आणि त्यांनी तो खिशात घातला. कोणी हसलं नाही. मी मात्र ओढणी तोंडाशी धरली.

ओसरीवर परत आल्यावर आईनं चहा आणला. आत्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, ‘तात्या, आधी सांगून ठेवते. चहा त्याच गॅसवरचा आहे. मागून कोणी म्हणायले नको.’ आईचा चेहरा उतरला. ट्रे तसाच हवेत राहिला. न सांगताही चाललं असतं, कोणाला कळलं नसतं. तात्या कपाकडे बघत राहिले. तेवढ्यात जिजींनी हात लांब केला. ‘मले दे. साखर घातली ना चांगली?’ त्यांनी बशीत ओतून फुर्रकन एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, ‘धुराचा वास नाई. आमच्या चहाले तं नुसता धूरच लागते.’ मग बाकीच्यांनी कप उचलले. सगळ्यांच्या शेवटी तात्यांनी. आत्या तोवर तिथून निघून गेली होती. गहू मापताना ती कधीच थांबत नसे. त्या वेळी तिला शेडमध्ये काहीतरी काम निघायचंच.

तात्यांनी कप खाली ठेवला आणि अण्णांना म्हणाले, ‘परात आण.’ म्हणजे कानबाई आमच्याच घरी. आईनं पदर डोळ्यांना लावला. अण्णांनी गव्हाची गोणी सोडली. आमच्यात कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि ते कर्त्यानं. तात्या नाव घेत, मूठ भरून परातीत सोडत, वर चिमूटभर टाकत. म्हाताऱ्यांची नावं झाली, तरण्यांची झाली, पाळण्यातल्या पोराचंही झालं. तात्यांनी हात झटकले. जिजी म्हणाल्या, ‘अन् शकूची?’

तात्या म्हणाले, ‘माय, बाईमाणसाची मूठ कुठी घेतात? अन् ती तं सासरची.’

‘कोणत्या सासरची? दाखव मले ते घर. ती राहते इथं, मरन इथं. या घराची इज्जत कोणी ठेवली या सालाले? तू ठेवली?’

तात्यांचा हात गोणीवर थांबला. आत गेला नाही, मागेही आला नाही. आयुष्यभर केलेलं मोडायला त्यांना जमत नव्हतं, ते मी त्यांच्या बोटांवरून बघत होते, आणि मला त्यांचाही राग आला नाही. मग अण्णा उठले. त्यांनी तात्यांच्या हाताशेजारून आपला हात गोणीत घातला, मूठ भरली, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘शकुंतला.’ गहू परातीत पडले. वर त्यांनी चिमूट टाकली, ती दोनदा.

मी धावत शेडकडे गेले. आत्या लाकडी ओढणी घेऊन शेवटचा कोपरा ओढत होती, कोपरापर्यंत माखलेली. मी धापा टाकत सांगितलं. तिनं ओढणी थांबवली. मग म्हणाली, ‘कोणी घेतली? भाऊनं?’ मी हो म्हटलं. ‘त्याची मूठ लहान आहे,’ ती म्हणाली, आणि हसायला गेली, पण ते हसणं नाल्यापलीकडे काही गेलं नाही. तिनं ओढणी भिंतीला टेकवली आणि हौदावर गेली. पोळ्या कोणीही लाटल्या तरी चालतं, पण रोटाचे गहू निवडायला रोटातल्याच बायका बसतात, आणि आत त्या आता बसत होत्या. आत्यानं साबणानं हात धुतले, मग कोपरापर्यंत धुतले, मग नखांत कडुनिंबाची काडी घालून पुन्हा धुतले. आमच्या घरावरून सगळं गाव नाक दाबून गेलं होतं तेव्हाही ही बाई ताठ मानेनं बाजाराला जायची. आता ती ओले हात पुढे करून माझ्यासमोर उभी होती, आणि तिचा आवाज मला ओळखू येत नव्हता. ‘बेबी, पाह्य ना, वास येते का?’

मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेऊन नाकाशी धरले. थोडासा येत होता.

‘नाई येत,’ मी म्हटलं.

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली. जिजींनी सरकून तिला परातीपाशी जागा दिली.